हवं तेवढं खा, महाराज!

मित्रहो, मंडळाच्या पत्रिकेत माझा विषय ‘मध्ययुगीन युरोपातली मेजवानी आणि सत्ता’ असा छापलाय. त्याकडे येतोच. पण आधी एक तक्रार मोकळी करतो, कारण ती ऐकून घेणारं घरात आता कुणी उरलेलं नाही.

मध्ययुगीन सरदारांच्या लुटुपुटुच्या लढाया बघत जेवायचं, घोडे, भाले, कागदी मुकुट आणि जेवण, हा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल. स्पेनमध्ये सुरू झालेला हा धंदा १९८३ साली फ्लोरिडात किसिमीला आला आणि मग त्याचं पेवच फुटलं. आम्ही गेलो ते असंच एक ठिकाण, नाव सांगत नाही. पाटीवर लिहिलेलं, ‘हवं तेवढं खा’. काटा मागितला, तर वाढणारी मुलगी म्हणाली, “महाराज, त्या काळी काटे नव्हते.” अगदी बरोबर! इंग्लंडात काटा रुळायला सतरावं-अठरावं शतक उजाडलं. मी खूश. मग ताटात काय आलं? बटाटा, मक्याचं कणीस आणि टोमॅटोचं सूप. अहो, कोलंबस १४९२ साली निघाला, तोवर यातलं एकही युरोपात कुणी पाहिलं नव्हतं! हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, “महाराज, पेप्सी नेहमीची की डाएट?” हिने टेबलाखालून माझा पाय दाबला. ही तिसऱ्या रांगेत बसलीय, म्हणून पुढचं गाळतो.

आपणही फार हसायला नको. उपासाची खिचडी घ्या. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, मिरची, बटाटा, सगळं अमेरिकेतलं! उपासावरून आठवलं. शाकाहारी काय आहे विचारलं, तर हमस, म्हणजे काबुली चण्याची अरबी चटणी आली. खरं तर मध्ययुगात शुक्रवारी आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत मांस वर्ज्य. लेंटमध्ये दूध-लोणीही बंद, म्हणून बड्यांचे आचारी बदामाचं दूध काढायचे. मासे मात्र चालायचे. चर्चला बंगाली माणूस भेटला असावा.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. मुद्दा सांगतो. ‘हवं तेवढं’ ही कल्पना सरदारांची नव्हे, १९४०च्या दशकातल्या लास वेगासच्या बुफेची. सरदाराच्या दालनात तुमच्या पुढ्यात काय यायचं, ते तुमच्या हुद्द्यावर ठरे. वर चौथऱ्यावरच्या टेबलाला मोर, हंस आणि आपल्या मलबारची मिरी, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी पोचवलेली. खाली दोघा-चौघांत एक वाढप. ताटाच्या जागी शिळ्या पावाचा जाड काप. रस्सा मुरलेला तो काप जेवणं आटोपल्यावर दाराशी थांबलेल्या गरिबांना वाटायचा. म्हणजे धन्याची ऐपत त्याच्या खाण्यात जेवढी दिसे, तेवढीच उरण्यात. आणि आम्हाला तिथे सरसकट सगळ्यांना ‘महाराज’! खऱ्या दालनात आपल्यातल्या निम्म्यांना दाराशीच उभं केलं असतं. मीठदाणीपासून कोण किती लांब बसतं, यावर मान ठरायचा, तेही सांगायचं होतं. आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याच्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास केलेला पाककृतींचा संग्रह, तो तर राहिलाच. अध्यक्ष उभे राहिलेत. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.