कुत्र्याला केलेला नवस

फ्रान्समधल्या लियों शहराच्या उत्तरेचा, तळ्यांनी भरलेला हा दोंब मुलूख. साधारण १२५० च्या सुमाराला एतिएन द बूरबों नावाचा, डोमिनिकन या ख्रिस्ती संघाचा साधू इथे प्रवचनं देत फिरत होता. पापांची कबुली द्यायला आलेल्या कितीतरी बायका त्याला एकच सांगत: आजारी लेकराला संत गिनफोरकडे नेलं होतं. असेल कुणी पुण्यात्मा, असं साधूला वाटलं. चौकशी केली, तर गिनफोर निघाला कुत्रा. शिकारी, ग्रेहाउंड जातीचा.

एकदा सरदाराच्या वाड्यात पाळण्याजवळ साप आला. कुत्र्याने त्याला फाडून टाकलं. झटापटीत पाळणा उलटला, सगळीकडे रक्त. ते पाहून दाई किंचाळली, आई किंचाळली, आणि बापाने तलवारीने कुत्र्याला ठार केलं. मग पाहतात तर बाळ शांत झोपलेलं.

ओळखीची वाटली ना गोष्ट? पंचतंत्रातल्या मुंगसाचीच ही बहीण. आपलं मुंगूस तात्पर्य सांगून संपतं. इथे मात्र कुत्र्याला विहिरीत टाकून वर दगड रचले, झाडं लावली, आणि त्या झाडांपाशी बायका यायला लागल्या.

त्या मीठ वाहत, बाळाची दुपटी झुडपांवर टांगत. दोन खोडांच्या मधून उघडं बाळ नऊ वेळा इकडून तिकडे झेलायचं. एका बाजूला आई, दुसरीकडे विधी जाणणारी म्हातारी. समजूत अशी, की रानातल्या भुतांनी आपलं धडधाकट मूल पळवून हे रोगट मूल ठेवलंय. मग बाळाला झाडाखाली गवतावर निजवून, डोक्याशी पेटत्या मेणबत्त्या ठेवून, त्या विझेपर्यंत आईने दूर थांबायचं, रडणंही ऐकू येणार नाही इतकं दूर. काही बाळं त्या मेणबत्त्यांनी भाजून मेली, असं एतिएन लिहितो. जे जगे, त्याला शालारोन नदीच्या पाण्यात नऊदा बुचकळत.

यातलं काही सुंदर म्हणवत नाही. पण त्या आयांपुढे दुसरा उपाय तरी कोणता होता?

एतिएनने कुत्र्याची हाडं उकरून काढली, झाडं तोडली, दोन्ही एकत्र जाळली. पुन्हा तिथे जाईल त्याची मालमत्ता जप्त, असा हुकूमही तिथल्या जमीनदारांकडून काढवला.

१८७९ साली एक स्थानिक अभ्यासक ती जागा शोधत गेला. लोकांनी बरोबर रान दाखवलं. नाव होतं, संत गिनफोरचं रान.