रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी

आजचा विषय सुपरव्हिजन, म्हणजे नव्या कार्यकर्त्याचं काम अनुभवी माणसाने बघणं आणि त्याला मार्गदर्शन करणं. तिथवर मी येणार आहे, काळजी करू नका. पण त्याआधी त्या पिशवीबद्दल बोलू द्या.

व्यसन-प्रतिबंधाच्या कामात नवा माणूस रुजू होतो, तेव्हा पहिल्या दिवशी त्याची ओळख कोणाशी होते? अकाउंटंटशी. प्रवासखर्चाचा फॉर्म, मासिक अहवालाचा तक्ता, हजेरी. दुसऱ्या दिवशी कपाटातून पिशवी निघते : काळ्या फुप्फुसांचं पोस्टर, सुजलेल्या यकृताचा प्लास्टिकचा नमुना, पेन ड्राइव्हवर स्लाइड्स. "उद्या नववीवर तास आहे, जाऊन ये." झालं प्रशिक्षण! हसताय म्हणजे ही पिशवी तुमच्याही कपाटात आहे.

माझ्या माहितीतली एक मुलगी अशीच गेली. समुपदेशनाची पदवी ताजी, आवाज चांगला. यकृताची स्लाइड लागली आणि मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "माझे बाबा रोज पितात. त्यांचं असं कधी होईल?" वर्ग चिडीचूप. तिने पुढची स्लाइड लावली. दुसरं करणार तरी काय? "विचारलंस ते बरं केलंस, तास संपला की आपण दोघं बोलू," हे एक वाक्य तिच्याकडून कोणी आधी म्हणवून घेतलं नव्हतं. घरच्या पिण्यात त्याचा काही दोष नाही, हे त्याला सांगायचं असतं. त्याच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही, हेही त्याने मन मोकळं करायच्या आधीच सांगायचं असतं. शाळेतल्या कोणाला कळवायचं, हे तर तास घेण्यापूर्वीच ठरलेलं हवं. तिने ऑफिसात येऊन तक्ता भरला : 'उपस्थिती पूर्ण, प्रतिसाद उत्तम.' साहेबांनी सही केली. त्या मुलाचं काय झालं, हा रकाना तक्त्यात नव्हताच.

बरं, पिशवीने निदान काही साधतं का? संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 2018 साली प्रतिबंधाच्या मानकांची दुसरी आवृत्ती काढली. भीती घालणं, नुसती व्याख्यानं झोडणं, व्यसनातून सुटलेल्यांना फक्त अनुभवकथनासाठी उभं करणं, यांचा शाळांमध्ये उपयोग होत नाही, प्रसंगी उलटाच परिणाम होतो, असं त्यात आहे. (मीही आत्ता व्याख्यानच झोडतोय. पण तुम्ही नववीत नाही.) अमेरिकेत 1983 साली 'डेअर' हा शाळांमधला व्यसन-प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्ग घ्यायचे, पालक खूश, शाळा खूश. 1994 साली अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तर मुलांच्या प्रत्यक्ष सेवनावरचा परिणाम किरकोळ. तरी आपण नव्या माणसाला तेच शिकवतो, कारण ते शिकवायला सोपं जातं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे सुपरव्हिजन पाच मिनिटांत. ऑफिसातही ती तेवढीच मिळते म्हणा!

तर पटपट. नव्या माणसाने आधी जुन्याचे तास बघावेत, मग जोडीने घ्यावेत, मग एकट्याने. एकट्याने घेताना सुपरव्हायझर मागच्या बाकावर हवा, आणि त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. कार्यशाळेवर भिस्त ठेवू नका. मिलर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली प्रेरक संवादाच्या, म्हणजे उपदेश न करता माणसाची स्वतःची बदलायची इच्छा जागी करणाऱ्या समुपदेशनाच्या, प्रशिक्षणाचा अभ्यास केला. नुसती कार्यशाळा झालेल्यांचं कौशल्य काही महिन्यांत ओसरलं. ज्यांना पुढे अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळत राहिलं त्यांचं टिकलं.

सुपरव्हिजनची वेळ ठरलेली असावी, आणि अहवालाची बैठक वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की अहवाल जिंकतो. पहिला प्रश्न 'किती शाळा झाल्या' हा नको, 'कुठे अडलीस' हा हवा. त्याचं उत्तर मूल्यमापनात वापरलंत तर पुढच्या वेळी ती कुठेच अडलेली नसेल.

आणि जे सहकारी स्वतः व्यसनातून बाहेर आलेत, त्यांना मंचावर मिरवू नका. बाकीच्यांसारखंच प्रशिक्षण द्या, आणि पुन्हा ओढ लागली तर कोणाकडे जायचं, हे रुजू होतानाच ठरवा. तो माणूस त्यांचा सुपरव्हायझर नको. का, ते प्रश्नोत्तरांत सांगतो.