५१२ बाय ३४२

[दृश्य: काळोखी खोली, एक मॉनिटर. पडद्यावर छोटी चौकट उघडते. बीप.]

हा आवाज मॅकिंटॉश प्लसचा, ॲपलच्या जुन्या संगणकाचा. पण या खोलीत मॅकिंटॉश प्लस नाही. टेबलावर साधा विंडोजचा पीसी आहे, भलामोठा मॉनिटर आहे आणि त्या मॉनिटरच्या मधोमध ही इवलीशी चौकट. ५१२ ठिपके रुंद, ३४२ ठिपके उंच. १९८४ च्या जानेवारीत पहिला मॅक आला तेव्हा त्याचा अख्खा पडदा एवढाच होता. नऊ इंची, काळा आणि पांढरा.

[दृश्य: चौकटीचा क्लोजअप, ठिपके दिसेपर्यंत.]

मागची जमीन राखाडी वाटते ना? या पडद्याला राखाडी रंग ठाऊकच नाही. एक ठिपका काळा, शेजारचा पांढरा, त्याच्या शेजारचा पुन्हा काळा. राखाडी रंग तयार होतो तो आपल्या डोळ्यात. आणि मध्यभागी फ्लॉपीचं चित्र, त्यात उघडझाप करणारं प्रश्नचिन्ह. यंत्र सुरू झालंय आणि विचारतंय, डिस्क कुठे आहे?

[दृश्य: पुठ्ठ्याचा डबा. त्यात उभ्या लावलेल्या फ्लॉप्या. हात एक उचलतो.]

डिस्क ही इथे आहे. साडेतीन इंची. लेबलवर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलाय, 'चित्रं'. पत्र्याची झडप अजून स्प्रिंगनं मागे सरकते. ही फ्लॉपी नेहमीच्या पीसी ड्राइव्हमध्ये घातली, तर विंडोज सांगतं की डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? घाईनं 'हो' दाबलं की आतलं सगळं गेलं. म्हणून आधी कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडं करायचं. छिद्र उघडं असलं की ड्राइव्ह लिहीत नाही, फक्त वाचतं.

पीसीला ही डिस्क का वाचता येत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. पीसीच्या ड्राइव्हची मोटर एकाच गतीनं फिरते, मिनिटाला ३०० फेरे. मॅकच्या ड्राइव्हची मोटर गती बदलते. चकतीच्या बाहेरच्या कडेला परीघ मोठा, जागा जास्त. तिथे ती हळू फिरते, मिनिटाला साधारण ३९० फेरे, आणि एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका गोल पट्ट्यावर, १२ सेक्टर म्हणजे तुकडे बसवते. आत सरकावं तशी गती वाढते, सेक्टर कमी होतात. १६ ट्रॅकवर १२, पुढच्या १६ वर ११, मग १०, ९, आणि अगदी आतल्या १६ ट्रॅकवर ८. बेरीज करा. ८०० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. चारशे किलोबाइट. चकतीचा बाहेरचा घेर वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी बसून केलेलं हे गणित आहे. फ्लॉपी ड्राइव्हच्या गुणगुणण्यातला बदलता सूर येतो तो यातूनच.

[दृश्य: छोटा सर्किट बोर्ड, यूएसबी केबल, पट्टीसारख्या केबलनं जोडलेला उघडा फ्लॉपी ड्राइव्ह. मोटर फिरू लागते.]

या बोर्डाचं नाव ग्रीझवीझल. ड्राइव्ह पीसीचाच, ३०० फेऱ्यांचा. पण हा बोर्ड फ्लॉपीवरचं काही समजून घ्यायचा प्रयत्नच करत नाही. चकतीवरचं चुंबकत्व कोणत्या क्षणी उलटलं, ते क्षण तेवढे टिपत जातो. त्या नोंदींतून सेक्टर जुळवण्याचं काम नंतर पीसीवर होतं, आणि तिथे मॅकची लिखाणपद्धत ठाऊक असलेला प्रोग्राम गतीचा फरक हिशेबात धरतो.

[दृश्य: पडद्यावर ट्रॅकचे आकडे सरकतात. ७७, ७८, ७९.]

शून्यापासून ७९ पर्यंत. एकही सेक्टर गळला नाही. तयार झालेली फाइल ४,०९,६०० बाइटची, एका बाइटचाही फरक नाही. हिला डिस्क इमेज म्हणतात. फ्लॉपीतल्या फाइली सुट्या काढलेल्या नाहीत, अख्खी फ्लॉपी होती तशी एका फाइलमध्ये आली आहे. हे महत्त्वाचं का, ते थोड्या वेळात दिसेलच.

[दृश्य: विंडोजवरचं एक फोल्डर. आत एकच प्रोग्राम.]

आता ती चौकट. तिचं नाव मिनी व्हीमॅक, एक इम्युलेटर. म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्राम. पॉल प्रॅट यांनी ती जुन्या व्हीमॅक या प्रकल्पावरून वाढवली. मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोपेक्षा हा प्रोग्राम लहान आहे. इन्स्टॉल करायची भानगड नाही. फोल्डरमध्ये ठेवायचा आणि डबल क्लिक करायचं.

पहिल्यांदा तो चालत नाही. 'व्हीमॅक डॉट रॉम' नावाची फाइल सापडत नाही, अशी तक्रार करतो. मॅकिंटॉश प्लसच्या बोर्डवरच्या रॉम चिपांमध्ये, म्हणजे ज्यात प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो अशा चिपांमध्ये, १२८ किलोबाइट होते, त्यांची ही नक्कल. ही फाइल आपल्याच जुन्या मॅकमधून कॉपीरॉम्स या छोट्या प्रोग्रामनं उतरवून घ्यायची. रॉममधला प्रोग्रामही कॉपीराइटखाली येतो, हे अमेरिकेत ॲपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्यात १९८३ सालीच ठरलेलं आहे.

[दृश्य: रॉम फाइल फोल्डरमध्ये येते. पुन्हा डबल क्लिक. बीप. प्रश्नचिन्ह.]

या १२८ किलोबाइटांत काय आहे? खिडकी कशी उघडावी, मेनू कसा खाली उलगडावा, माउसचा बाण सरकला की त्याच्याखालचं चित्र पुन्हा जसंच्या तसं कसं दिसावं, हे सगळं. पडद्यावर रेघ, वर्तुळ, अक्षर काढणारा क्विकड्रॉ हा भाग बिल ॲटकिन्सन यांनी लिहिला. बाकीच्या टूलबॉक्समध्ये, म्हणजे रॉममधल्या या तयार अवजारांच्या पेटीत, अँडी हर्ट्झफेल्ड यांचा मोठा वाटा. पहिल्या मॅकमध्ये तर ही सगळी कारागिरी ६४ किलोबाइटांत मावली होती.

आणि ती वापरायची रीत पाहा. मॅकचा प्रोसेसर मोटोरोलाचा ६८०००. प्रोग्रामला चौकोन काढून हवा असेल तर तो या प्रोसेसरला मुद्दाम एक असा आदेश देतो, जो त्याला येतच नाही. सोळा अंकी पद्धतीत 'ए'नं सुरू होणारा आदेश. प्रोसेसर अडतो. अडला की काम रॉमकडे जातं, रॉम तो आकडा पाहतं, चौकोन काढून देतं, आणि प्रोग्राम पुढे चालू लागतो. मॅकवरचा प्रत्येक मेनू, प्रत्येक खिडकी या अडण्यातून उमटलेली आहे. म्हणूनच रॉमशिवाय इम्युलेटर हे रिकामं खोकं.

इम्युलेटरचं स्वतःचं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. ६८००० चा एक आदेश वाचायचा, त्यानं खऱ्या यंत्रात काय केलं असतं ते पीसीच्या मेमरीत करायचं, मग पुढचा आदेश. ६८००० मध्ये आकड्यांसाठी आठ आणि पत्त्यांसाठी आठ कप्पे, तेवढे इथेही. मोटोरोलाचा प्रोसेसर आकड्याचा मोठा भाग आधी ठेवतो, इंटेलचा लहान भाग आधी. त्यामुळे वाचताना उलटापालट, लिहिताना पुन्हा उलटापालट. घड्याळाची चिप, माउसची जोडणी, पडद्याची मेमरी, सगळ्यांची सोंगं वठवायची. फ्लॉपी चालवणारा रॉममधला भाग तेवढा मिनी व्हीमॅक बदलून टाकतो, कारण त्याच्या फ्लॉप्या म्हणजे पीसीवरच्या फाइली.

हा काही चोरवाटेचा उद्योग नव्हे, हे ठासून सांगायला हवं. १९९४ साली ॲपलनं मॅकचा प्रोसेसर बदलून पॉवरपीसी घेतला, तेव्हा जुने प्रोग्राम चालावेत म्हणून नव्या यंत्रात ६८००० मालिकेचा इम्युलेटर ॲपलनंच घातला होता. गॅरी डेव्हिडियन यांनी लिहिलेला. त्याच्या जोरावर लोकांचं काम एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सुखरूप आलं.

[दृश्य: सिस्टिम ६ ची, म्हणजे मॅकच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची, इमेज माउसनं ओढून चौकटीवर सोडली जाते.]

प्रश्नचिन्ह गेलं. आला तो सुझन केअर यांनी काढलेला हसरा मॅक. ठिपके मोजून काढलेलं चित्र आहे ते. मग 'वेलकम टू मॅकिंटॉश'. वर मेनूची पट्टी, उजवीकडे डिस्क, खाली कोपऱ्यात कचऱ्याची टोपली.

[दृश्य: मेनू उघडताना, खिडकी ओढताना. निवेदन थांबतं.]

सगळं फार झपाट्यानं होतंय असं वाटलं तर ते खरंच आहे. मिनी व्हीमॅक मूळ यंत्राच्या आठपट गतीनं चालू होतो. कंट्रोल दाबून ठेवून एस दाबलं की गती निवडता येते. एकदा तरी मूळ गतीवर आणून पाहा. खिडकी उघडताना तिची कड टप्प्याटप्प्यानं मोठी होत जाते, ती तेव्हा कुठे नीट दिसते. आठपट गतीत ती हरवते.

[दृश्य: दुसरी, रंगीत चौकट.]

रंग हवा असेल तर बॅसिलिस्क टू हा दुसरा इम्युलेटर. त्याला क्वाड्रासारख्या नंतरच्या मॅकचं एक मेगाबाइटचं रॉम लागतं. सेटिंगमध्ये प्रोसेसर ६८०४० निवडायचा, डिस्क म्हणून काहीशे मेगाबाइटची कोरी फाइल करायची आणि त्यावर सिस्टिम ७.५.३ चढवायची. ही सिस्टिम ॲपलनं पुढे फुकट उतरवायला ठेवली होती, १९ तुकड्यांत. मॅक ओएस ९ च्या जवळचं काही चालवायचं असेल तर शीपशेव्हर, तो ९.०.४ पर्यंत जातो. हे दोन्ही मूळ ख्रिश्चन बाउअर यांचे.

आपण परत काळ्या-पांढऱ्या चौकटीकडे येऊ. 'चित्रं' अजून उघडायची आहे.

[दृश्य: 'चित्रं' या इमेजची फाइल ओढून चौकटीवर. डेस्कटॉपवर डिस्कचं चिन्ह उमटतं.]

डबल क्लिक. खिडकी उघडते. सात फाइली. मेनूतून तारखेनुसार लावल्या, तर सर्वांत जुनी १९८६ ची.

या फाइलींच्या नावांना शेपूट नाही. शेवटी टिंब आणि तीन अक्षरं, असलं काही नाही. मग मॅकला कसं कळतं की कोणती फाइल कशात उघडायची? डिस्कच्या नोंदवहीत प्रत्येक फाइलपुढे चार-चार अक्षरांच्या दोन खुणा असतात. एक खूण फाइल कोणत्या प्रकारची ते सांगते, दुसरी ती कोणी बनवली ते. या फाइलींवर 'एमपीएनटी' आहे, म्हणजे मॅकपेंट, चित्रं काढायचा प्रोग्राम. शिवाय मॅकच्या फाइलीला दोन अंगं असतात. एका अंगात मजकूर, दुसऱ्यात रिसोर्सेस, म्हणजे चिन्हं, मेनू, संवादचौकटी. प्रोग्राम असेल तर त्याचा सगळा कोडही या दुसऱ्या अंगातच राहतो.

विंडोजच्या साध्या नकलेत हे दुसरं अंग येत नाही. जुना मॅक प्रोग्राम थेट पीसीवर आणून ठेवला, तर बहुतेक वेळा शून्य बाइटची फाइल उरते. नाव शाबूत, आत काहीच नाही. त्या चार अक्षरी खुणाही पुसलेल्या. आपण अख्खी फ्लॉपी एका फाइलमध्ये उचलली ती याचसाठी. सुट्या फाइलींची ने-आण करायचीच असेल तर ती स्टफइट किंवा बिनहेक्सच्या पुडीत बांधलेली हवी, आणि पुडी सोडायची ती चौकटीच्या आत, मॅकवर. बाहेर विंडोजवर सोडली की पुन्हा तोच घोळ.

घरोघरच्या डब्यांत पडलेल्या फ्लॉप्यांचं चुंबकत्व दरवर्षी थोडं थोडं उतरतंय, आणि जुन्या मॅकच्या बोर्डांवर बॅटऱ्या फुटून तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातायत.

[दृश्य: मॅकपेंटची इमेज चौकटीवर. मग पहिल्या चित्रावर बाण.]

मॅकपेंट पहिल्या मॅकबरोबर आलं. हेही ॲटकिन्सन यांचंच. त्याचा मूळ कोड २०१० साली कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं सर्वांना पाहायला खुला केला. पण कोड वाचणं वेगळं आणि हाताखाली ब्रश फिरणं वेगळं. मॅकपेंटचा कागद ५७६ ठिपके रुंद, ७२० ठिपके उंच, त्यामुळे तो चौकटीत एका वेळी मावत नाही. हाताचं चिन्ह घेऊन कागद वर सरकवावा लागतो. ज्यानं हे चित्र काढलं, त्यानंही ते असंच सरकवत सरकवत काढलं असणार.

[दृश्य: डबल क्लिक. चित्र उघडतं. खिडकीच्या कठड्यावर झोपलेलं मांजर. निवेदन नाही.]

[दृश्य: हाताचं चिन्ह कागद वर सरकवतं. शेपूट. खाली कुंडी. निवेदन नाही.]

फॅटबिट्स. ठिपका मोठा करून दाखवणारी सोय.

[दृश्य: मांजराच्या मिशा, ठिपका ठिपका.]

प्रत्येक मिशी एकेक ठिपका दाबून बसवलेली आहे. डावीकडच्या तिसऱ्या मिशीत एक ठिपका जास्तीचा पडलाय, तो तसाच राहिलाय.

[दृश्य: चित्र बंद. 'स्पेशल' मेनू.]

चौकट सरळ बंद करू नका. उघडी डिस्क इमेज अर्धवट लिहिलेली राहू शकते. 'स्पेशल' मेनूत जाऊन 'शट डाउन' म्हणायचं, जसं खऱ्या मॅकवर म्हणत तसंच. आणि 'चित्रं'ची मूळ इमेज वेगळ्या जागी जपून ठेवायची, चौकटीवर सोडायची ती तिची नक्कल.

[दृश्य: चौकट मिटते. हात फ्लॉपी डब्यात ठेवतो, पुढची उचलतो. लेबल कोरं. खिटी सरकवण्याचा 'टक' आवाज.]

हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

[दृश्य: मोटर फिरू लागते. पडद्यावर शून्य.]