फॅन्डेल्व्हरची खाण, गोवर्धनचा घाट

(दृश्य: पांडवलेणी, सकाळचं ऊन, दहाव्या लेण्याचा व्हरांडा)

नाशिकच्या पांडवलेण्यांतलं हे दहावं लेणं. भिंतीवर कोरलाय तो चक्क एक हिशोब. क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमची ठेव म्हणून दिले. २,००० वर दरमहा शेकडा १, उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण व्याज. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण. नाण्यांचा दरही इथेच सापडतो: ३५ कार्षापण म्हणजे १ सुवर्ण.

(दृश्य: नाशिकमधली एक खोली, टेबलावर हाताने काढलेला नकाशा, फासे)

तोच दर या टेबलावर चालतो. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट फाशांवर पुढे न्यायची. साहस 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर', २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं, पहिल्या ते पाचव्या लेव्हलसाठीचं. पुस्तकात ते फॅन्डालिन नावाच्या खेड्यात घडतं. इथे ते दुसऱ्या शतकातल्या गोवर्धनात आणलंय, म्हणजे या लेण्यांच्या लेखांमध्ये येतं त्या गोवर्धनात.

(दृश्य: वहीचं पान, तीन रकाने)

नावं बदलणं सगळ्यात सोपं, म्हणून ते शेवटी करायचं. आधी वहीत तीन रकाने: पुस्तकात काय आहे, कथेत त्याचं काम काय, आणि आपल्या भूमीत ते काम कोण करेल. तिसरा रकाना रिकामा राहिला, की तिथे साहस मोडणार हे खेळाआधीच कळतं.

पहिला रिकामा रकाना कायद्याचा. फॅन्डालिन हे सीमेवरचं खेडं. तिथे सत्ता नाही, म्हणून रेडब्रँड गुंड गाव दाबून ठेवतात. गोवर्धनात मात्र राजाचा अमात्य, म्हणजे अधिकारी, बसायचा. नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने अठराव्या राज्यवर्षात गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, पाठवलेली आज्ञा तिसऱ्या लेण्यात आजही वाचता येते. मग खेळाडू सरळ विचारणार: अमात्याकडे का नको जायला? उत्तर काळाच्या निवडीत आहे. नहपान पडलाय आणि नवा अमात्य अजून पोचलेला नाही, एवढीच फट पकडायची. गुंडांना तेवढी पुरते.

(दृश्य: कसारा घाट, कड्यालगतची जुनी पायवाट)

आता पहिली चकमक. पुस्तकात रस्त्यावर दोन मेलेले घोडे पडलेले असतात, झुडपांत चार गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. पहिल्या लेव्हलच्या पात्रांना ही लढाई तशीही जड जाते. गॉब्लिनचा एसी (वार चुकवण्याचा आकडा) १५, एचपी (जीव किती उरलाय तो आकडा) ७, बाण लागला की सहाबाजूंचा फासा अधिक २ इतकी इजा. जादूगाराकडे सुरुवातीला सात-आठ एचपी. दोन बाणांत तो आडवा. घाटात हे आणखी बिघडतं: एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, शत्रूला बगल देऊन जायला जागाच नाही. म्हणून चकमक घाटमाथ्यावरच्या सपाटीला न्यायची, नाहीतर चाराचे तीन करायचे. पुस्तकातली बैलगाडीही वाटेवरून चढत नाही, तिथे पाठीवर गोण्या लादलेले बैल हवेत. आणि लपायला कारवीची झुडपं राखायची. उघड्या कातळावर गॉब्लिनची पटकन लपण्याची चाल वाया जाते.

गॉब्लिनच्या जागी कोण, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. जंगलातले तिरंदाज म्हटलं की हात आपोआप कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्याकडे जातो. तिथे तो थांबलाच पाहिजे. ही माणसं आजही या डोंगरांत राहतात; त्यांना राक्षसांच्या रकान्यात बसवणं हा अन्याय आहे. वेताळही नकोत. वेताळ म्हणजे अनडेड, मेलेले पण चालते-फिरते, आणि त्यांच्यावर झोपवणारा स्लीप मंत्र चालत नाही. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचं सगळ्यात चांगलं हत्यारच बोथट होतं.

इथे घेतलेत क्षहरातांच्या मोडलेल्या फौजेतले बिनपगारी सैनिक. आकडे तेच, ढालीसकट. फक्त गॉब्लिनला अंधारात दिसतं, माणसाला दिसत नाही. मग गुहेत मशाली लागतात आणि पहारेकरी लांबून हेरता येतात. तेवढं पारडं परत आणायला गुहेच्या तोंडाशी पुस्तकातले लांडगे कुत्री म्हणून ठेवायचे. त्यांना वास पुरतो.

(दृश्य: चांदीचं नाणं, एका छापावर दुसरा छाप, जवळून)

आणि खाण. सह्याद्री बेसाल्टचा, त्यात सोन्या-चांदीची खाण निघत नाही. पण १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. म्हणून पुस्तकातल्या हरवलेल्या खाणीच्या जागी हरवलेली टांकसाळ, आणि खाणीतल्या जादूच्या भट्टीच्या जागी छाप मारायचा ठसा. पुस्तकातली खाण पाच शतकं बंद आहे, ही टांकसाळ काही महिनेच. त्यामुळे आतले सांगाडे म्हणजे तोंड चिणून कोंडलेले पहारेकरी. खाणीत घुमणारा लाटांचा आवाज भुयारातल्या पाण्याला द्यायचा. त्यासाठी काळ पावसाळा सरतानाचा हवा: ओढे भरलेले, बैल पुन्हा वाटेला लागलेले.

हिरव्या ड्रॅगनचा नाग होतो. पुस्तकातला हरू लागला की उडून जातो, म्हणून नागाला निसटायला एक कुंड द्यायचं, नाहीतर पात्रं मरतात.

(दृश्य: टेबलावर नाण्यांच्या ढिगाऱ्या)

किमतींमध्ये पुस्तकातलं एक सोन्याचं नाणं म्हणजे एक कार्षापण. ते सुवर्ण धरलं, तर ५० नाण्यांचं जखम भरणारं औषध १,७५० कार्षापणांना पडेल. भिक्षूच्या वस्त्रांना वर्षाला १२ लागत होते.

घरच्या टेबलावर हे सगळं मोकळं. छापायचं असेल, तर फॅन्डेल्व्हरची कथा आणि नकाशे बाजूला ठेवायचे; जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली असलेला खेळाचा ५.१ नियमसंच श्रेय देऊन वापरता येतो, गॉब्लिनचे आकडे त्यात आहेत.