बोटाला लावलेलं पोटात जातं

नमस्कार श्रोतेहो. थंडी पडली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. बाळ पाच-सहा महिन्यांचं, हिरड्या शिवशिवताहेत, मूठ सदानकदा तोंडात. आई त्याचा हात पुढे करते, "डॉक्टर, अंगठा बघा ना, लालभडक झालाय, कातडी सोलवटतेय." सोबत आजी असतात, आणि आजींच्या पिशवीत कसली तरी डबी असते.

ती डबी उघडण्याआधी बोटांचं काय होतं ते सांगतो. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे, तिच्यात पाचक रस असतात. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ. बोट भिजतं, बाहेर येऊन सुकतं, पुन्हा तोंडात जातं. दर खेपेला कातडीवरचा नैसर्गिक तेलकटपणा थोडा थोडा निघून जातो. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या थंडीत हे आणखी लवकर होतं. यात जंतूंचा दोष नसतो. तेव्हा जंतुनाशक घातलेल्या पाण्याने हात धुऊ नका, त्याने कातडी आणखी चरचरते.

करायचं ते अगदी साधं. कोमट पाण्याने हात धुवा, साबण नकोच. जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या मऊ तुकड्याने टिपून घ्या. घासायचं नाही. आंघोळीच्या वेळी बेसनाने हात चोळणंही काही दिवस बंद. कातडी किंचित ओलसर असतानाच बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. दोन हातांना मिळून वाटाण्याएवढी पुरते. शुद्ध, बिनवासाचं खोबरेलही चालेल, मोहरीचं तेल मात्र नको. सगळ्यात चांगली वेळ बाळ गाढ झोपल्यानंतरची, कारण तेव्हा मूठ तोंडाबाहेर असते आणि लावलेलं टिकतं. मनगटावर काळा दोरा असेल तर तो सोडून ठेवा. दिवसभर ओला राहतो आणि त्याखालची कातडी सोलते. दृष्ट लागायची काळजी असेल, तर आजी, गालाला तीट लावा की!

आता डबीकडे येऊ. बाळाच्या बोटाला लावलेलं पोटात जातं, एवढं धरून चाला. म्हणून मध नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बोरोग्लिसरीन नाही, त्यातलं बोरिक ॲसिड विषारी आहे. शेजारणीच्या खाजेवर लागू पडलेली मलमाची ट्यूब तर मुळीच नाही. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. हिरड्या बधिर करणारी बेन्झोकेनची जेलही नको. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला, कारण तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते.

हिरड्यांना काहीतरी चावायला हवंच असतं. स्वच्छ ओलं फडकं थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून द्या. बर्फाच्या कप्प्यात नको, दगडासारखं कडक होतं. ते चघळताना बाळाजवळ बसून राहा. तेवढा वेळ बोटांना सुट्टी मिळते. हातमोजे दिवसभर घालू नका, ओला मोजा बोटाला चिकटून बसतो.

पिवळट खपल्या, पू, नखाच्या कडेला सूज दिसली तर दाखवायला या. हातांवर फोड, तोंडात चट्टे आणि ताप असेल तर तो विषाणूचा आजार असू शकतो. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर 'दातांमुळे असेल' म्हणून घरी बसू नका.

आणि एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस खूप गळतात. तसा एखादा केस बाळाच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळला जातो. एकाच बोटाचं टोक सुजून लाल-जांभळं झालं आणि बाळ काही केल्या रडायचं थांबेना, तर भिंग घ्या, बॅटरी घ्या, बोटाच्या घडीत नीट बघा. पायाची बोटंही बघा. केस दिसला आणि सहज निघाला नाही, तर मलम लावत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.