अलार्म वाजला, पण फोन गेला कुणाला?

[कॅमेऱ्यासमोर बसून. हातात पांढरा सेन्सर.]

नमस्कार मंडळी. हा एवढासा डबा बघा. मुठीत मावतो. याने गेल्या गणपतीत आमची अख्खी गल्ली जागी केली, आणि त्यानंतर सव्वा महिना मी एका कंपनीच्या कस्टमर केअरशी झगडत होते. घरच्या चोरी-अलार्मबद्दल त्या सव्वा महिन्यात मला जे कळलं, ते आज सांगायचंय. तुमच्याकडे अलार्म असेल किंवा बसवायचा विचार असेल, तर थोडा वेळ काढून ऐका.

आधी त्या रात्रीचं सांगते.

आई-बाबा लोकमान्य नगरात राहतात, मी विजय नगरला, भाऊ पुण्यात. इंदूरच्या मराठी घरांत हे चित्र आता गल्लोगल्ली दिसतं. मोठं घर, त्यात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, आणि मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. भावाच्या जिवाला घोर, म्हणून त्यानेच अलार्म बसवून दिला. खोल्यांत चार सेन्सर, दारांना चुंबकाचे स्विच, बाहेर भिंतीवर सायरन, वर दोन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. सगळं रीतसर. गणपतीला आई-बाबा पुण्याला गेले, जाताना अलार्म लावून गेले.

रात्री २ वाजून ४० मिनिटांनी शेजारच्या काकूंचा फोन. "अगं, तुमचा भोंगा वाजतोय, पंधरा मिनिटं झाली. गच्चीवरून बघितलं, कुणी दिसत नाही. येतेस का?"

मला अलार्मचा फोन आलाच नव्हता. भावालाही नाही. मी आणि नवरा तसेच उठून निघालो. पोचलो तर फाटकाला कुलूप, दाराला कुलूप, सगळं जिथल्या तिथे. पॅनलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यावर, तीन नंबरचा झोन लाल, म्हणजे तिसऱ्या सेन्सरचा भाग. कोड टाकला, बंद झालं. पुन्हा लावून बाहेर आलो, दहा मिनिटांत परत सुरू. तेवढ्यात कोड चुकला, घाईत पुन्हा चुकला, आणि कीपॅडच लॉक झाला. नवऱ्याने वैतागून प्लग काढला, आतली बॅटरी सोडवली. तरी बाहेरचा सायरन चालूच. समोरच्या घरात सहा महिन्यांचं बाळ, ते रडायला लागलेलं. काका बीपीचे पेशंट, ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

प्लग काढून सायरन का थांबला नाही, ते लगेच सांगते, कारण हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. चांगल्या बाहेरच्या सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने वायर कापली तरी तो वाजला पाहिजे, म्हणून. त्याला मुख्य पॅनलकडून येणारा करंट तुटला की त्याला वाटतं कुणीतरी छेडछाड केली, आणि तो आपणहून वाजतो. म्हणजे प्लग काढणं हा उपाय नाही, त्याने उलट काम वाढतं. तो किती वेळ वाजावा याचं सेटिंग असतं. आमच्याकडे ते केलेलंच नव्हतं. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यात राहत्या वस्तीसाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि असे सायरन शंभराच्या वर जातात. संकटाच्या वेळी वाजलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण विनाकारण तासभर वाजला, तर त्रास कुणाला झाला? ज्यांच्या भरवशावर आपण घर सोडून जातो, त्या शेजाऱ्यांना.

आता तीन नंबरचा झोन. हाच तो सेन्सर, जो माझ्या हातात आहे.

[सेन्सर कॅमेऱ्याजवळ आणून]

याला पीआयआर म्हणतात. हा काही बाहेर सोडत नाही, नुसता बघत असतो. बघतो म्हणजे उष्णता. ही पुढची दुधी प्लास्टिकची काच नीट बघा, त्यावर बारीक चौकटी दिसतील. या चौकटी खोलीचे पट्टे पाडतात. माणूस चालत गेला की त्याच्या अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाते, आणि तो बदल आतल्या चिपला कळतो. उन्हाचा कवडसा सरकला, एसीचा झोत थेट आला, तापलेल्या खिडकीसमोर पडदा हलला, तरीही बदल होतोच.

आणि आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे पाल. हसू नका, खरंच सांगते. कंपनीचा माणूस शेवटी आला तेव्हा त्याने झाकण उघडलं, आत पालीची अंडी होती. पांढरी, शेंगदाण्याएवढी, दोन. वायर यायला मागे जे भोक असतं ते बुजवलेलंच नव्हतं, तिथूनच पाल ये-जा करत होती. लांबवरची पाल सेन्सरला जाणवत नाही, पण काचेवरूनच चालत गेली तर तिच्या आडोशाने अख्खा पट्टा झाकला जातो, आणि सेन्सरला वाटतं खोलीत काहीतरी हललं. भोक बुजवायला चिमूटभर सिलिकॉन पुरतं. महारानी रोडवर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ट्यूब मिळते. ते काम बसवतानाच व्हायला हवं होतं.

पण मला खरा संताप आला तो पुढच्या गोष्टीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्टमर केअरला फोन लावला. "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है" हे वाक्य सव्वीस मिनिटं ऐकलं. मग एक मुलगी आली, बिचारी नम्रपणे बोलली. "मॅडम, आपकी एएमसी पिछले महीने खत्म हो गई है. रिन्यू कराइए, तभी विज़िट लगेगी." मी म्हटलं, ठीक आहे, भरते पैसे. भरले. मेसेज आला की चोवीस तासांत इंजिनियर येईल. चोवीस तासांनी इंजिनियर नाही आला, एक फोन आला. "मैडम, मैं रास्ते में हूँ, एक कोड आया होगा आपके मोबाइल पर, वो बता दीजिए." मी सांगितला. दोन मिनिटांत मेसेज, 'आपकी शिकायत का समाधान हो गया है'. माणूस आलाच नाही!

याला हॅपी कोड म्हणतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, आरओ, सगळीकडे हीच पद्धत आहे. हा कोड म्हणजे काम पूर्ण झाल्याची तुमची सही. काम होऊन तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय तो कुणालाही सांगायचा नाही, फोनवर तर नाहीच. हेच आईशी दोनदा झालं. आईला वाटलं, कोड दिला नाही तर तो मुलगा चिडेल, येणारच नाही. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, आणि ही सगळी पद्धत त्या संकोचावरच चालते. म्हणून त्यांना हे बसून, समजावून सांगा.

चौथ्या तक्रारीनंतर माणूस आला. त्याने पालीची अंडी काढली, मग पॅनल उघडला. मी त्याला म्हटलं, "भैया, रात्री आम्हाला फोन का आला नाही?" त्याने यादी काढून दाखवली. अलार्म वाजला की पॅनलमधल्या सिमवरून ओळीने नंबर लागतात. आमच्या यादीत पहिला नंबर कुणाचा निघाला? दोन वर्षांपूर्वी ज्या मुलाने अलार्म बसवला, त्याचा स्वतःचा. चाचणीसाठी घातलेला, काढायचा राहिलेला. तो मुलगा कधीच नोकरी सोडून गेला होता. आणि आमच्या पॅनलमध्ये असं होतं की एकाने फोन उचलला की पुढचे नंबर लागत नाहीत. म्हणजे रात्री अडीचला त्याने झोपेत उचलला असणार आणि ठेवून दिला असणार. दोन वर्षं माझ्या आई-बाबांचं घर एका अनोळखी मुलाच्या फोनवर अवलंबून होतं, आणि आम्ही समजत होतो की आपण सुरक्षित आहोत.

मी म्हटलं, बदला नंबर. तर म्हणे, "इंस्टॉलर कोड ऑफिस से मिलेगा, हमको अलाऊ नहीं है."

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळं इथे अडतं. पॅनलला दोन कोड असतात. एक तुमचा, अलार्म लावायचा आणि काढायचा. दुसरा इंस्टॉलरचा, त्याने सगळी सेटिंग बदलतात. तो दुसरा कोड ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमची सिस्टीम. पैसे तुम्ही मोजलेत, पण तो कोड नसेल तर दुसरा मेकॅनिक आणूनही बहुतेक वेळा काही करता येत नाही. कंपनीला सोडून जाताच येत नाही. मग ती फोन का पटकन उचलेल?

विजेच्या चोरी-अलार्मचं पेटंट १८५३ सालचं आहे, अमेरिकेतल्या ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाचं. ते हक्क पुढे १८५७ मध्ये एडविन होम्सने विकत घेतले, आणि त्याने धंदा वाढवला तो ग्राहकांच्या तारा एका मध्यवर्ती ठिकाणी नेऊन, तिथे लक्ष ठेवायला माणूस बसवून. म्हणजे घंटी विकता विकता 'पलीकडे कुणीतरी जागं आहे' हे विकलं. आपल्याकडे घरांना जे बसवलं जातं, त्यात पुष्कळदा पलीकडे कुणीच नसतं. सायरन आणि फोन लावणारं सिम, एवढंच. म्हणून यादीतला पहिला नंबर कुणाचा, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

सिमचंही तसंच. सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारा. आमचं डीलरच्या नावावर निघालं. रिचार्ज संपला तर आपल्याला कळणारच नाही. जुन्या पॅनलमध्ये २जी मोड्यूल असतं, आणि जिओचं नेटवर्क पहिल्यापासून ४जी आहे, २जी त्यात नाही. तर स्वस्त पडतं म्हणून जिओचं सिम जुन्या डब्यात घातलं, तर फोन लागणार नाही. आणि कुणी सुचवलं तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर यादीत घालू नका. पालीमुळे पोलिसांना पळवायचं नाही. आधी माणसाला फोन, त्याने खात्री केली की मग ११२.

बॅटरी. पॅनलच्या पोटात साधारणपणे १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. तीन वर्षांच्या आसपास तिच्यावरचा भरवसा संपतो, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याआधीच. आमची दोन वर्षांत फुगली होती. महिन्यातून एकदा संध्याकाळी, शेजाऱ्यांना आधी सांगून, मेनचा स्विच बंद करा आणि अर्ध्या तासाने अलार्म वाजवून बघा. त्याच वेळी फोन खरंच येतो का तेही बघा.

आता तक्रारीचा भाग. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. मग १९१५ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हिच्यावर मराठीतही बोलता येतं, सतरा भाषांची सोय आहे. मी पावती, एएमसीचा कागद, तिन्ही 'समाधान हो गया'चे मेसेज आणि त्या अंड्यांचा फोटो, सगळं जोडलं. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे लावून धरते. पण ज्या कंपनीने सव्वा महिना दाद दिली नव्हती, तिचा मॅनेजर अकराव्या दिवशी स्वतः फोनवर आला.

तिथेही झालं नसतं तर मी ग्राहक आयोगात गेले असते, कागद तयार होते. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरगावला असो की चेन्नईला, इंदूर सोडून जायची गरज नाही. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. म्हणून फोनवर भांडून दमू नका, लिहून मागा. मेसेज पुसू नका.

ज्यांच्या खात्यातून दरमहा अलार्मच्या ॲपचे पैसे आपोआप कापले जातात, त्यांच्यासाठी एक सांगते. पैसे कापायच्या चोवीस तास आधी सूचना आली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन तुम्ही ते स्वतः थांबवू शकता. सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं, हा प्रकार सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव घेऊन मना केलेला आहे.

मॅनेजरशी बोलून आम्हाला इंस्टॉलर कोड लेखी मिळाला. सिम बाबांच्या नावावर झालं. एएमसीचे पैसे परत मागितलेत, ते अजून आले नाहीत, मी मागणं सोडलेलं नाही. नवीन बसवणाऱ्यांनी ही बोलणी पैसे द्यायच्या आधी करा. कोड, सिम आणि नंबरांची यादी, तिन्ही बिलावर लिहून घ्या.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मधल्या दिवसांत सायरन आणखी दोनदा विनाकारण वाजला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा गल्लीतली एकही खिडकी उघडली नाही. लांडगा आला रे आला, तसं झालं. फक्त काकू बाहेर आल्या, टॉर्च घेऊन.

परवा नंबरांची यादी नव्याने भरायला बसलो. बाबा म्हणाले, पहिला तुझा घालू. मी आहे दहा किलोमीटरवर. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझा घाला पहिला. मला तसंही तीननंतर झोप नसते, आणि तुमची किल्ली माझ्याकडेच आहे."

तोच घातलाय. पॅनलमधून चाचणीचा फोन लावला, काकूंच्या हातातला मोबाइल वाजला, आणि त्यांनी तो आम्हाला वर करून दाखवला.