तोडलेल्या रानाचा काळोख

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा सरला की कोकणातल्या खासगी रानांत करवती सुरू होतात. ऐन, किंजळ ट्रकांत भरून जातात आणि मे संपताना डोंगरउतारावर उरतात ते खुंट, फांद्यांचे ढीग, चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि उघडी पडलेली तांबडी माती. अशा जमिनीचं छायाचित्र गडदच हवं असं म्हणतात, आणि ते खरंच. पण त्या काळोखात मातीची ढेकळं आणि खुंटाची साल दिसली पाहिजे. ती बुजली, तर तिथं रान होतं याचा पुरावाच बुजला.

टिपण्याची उत्तम वेळ म्हणजे जूनमधल्या पहिल्या सरी. भिजलेला जांभा आपोआप गडद होतो. जुलैत गवत वाढलं की खुंट त्यात बुडतात. दुपारचं ऊन टाळा. त्यात कापाचा भाग पांढराफटक पडतो नि सावल्या डांबरासारख्या होतात. ढगाळ सकाळ किंवा सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं धरा. जमीन खासगी असते, म्हणून मालकाला आधी विचारा.

ओल्या जांभ्यावर आभाळाची चकाकी येते, ती कमी करायला पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारी फिरती काच, लेन्सवर लावा. तो पुरता फिरवला तर ओल नाहीशी होऊन माती निर्जीव दिसते, म्हणून अर्ध्यावर थांबा.

चौकटीत आकाश अगदी थोडं ठेवा. पावसाळी ढग देखणे असतात, पण नजर तेच पळवतात. कॅमेरा छातीच्या उंचीवर हवा. फार खाली नेला तर पुढचा एकच खुंट स्मारकासारखा उभा राहतो आणि मागचे शंभर त्याच्याआड जातात. उताराच्या कडेला देवराई असेल तर तिची कड जरूर घ्या. इथली झाडं केवढी होती, हे तिच्याशिवाय कळत नाही.

फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, एफ ११, आयएसओ १०० आणि ट्रायपॉड. फोकस २ मीटरवर ठेवला की साधारण १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. सांजवेळी शटर काही सेकंद उघडं राहील, तेव्हा बोटाचा धक्का नको. २ सेकंदांचा टायमर लावा.

आता सर्वांत मोठी चूक. फोटो गडद हवा म्हणून टिपतानाच कमी प्रकाश देतात. मग सावल्या उचलाव्या तर मातीच्या जागी रंगीत दाणे येतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद, उजळच घ्या. खुंटाचा ताजा काप ही चौकटीतली सर्वांत फिकट जागा. ती फुटणार नाही, म्हणजे निव्वळ पांढरी होऊन तपशील हरवणार नाही, इतपत प्रकाश द्या. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, कारण तांबड्या मातीत लाल रंग आधी फुटतो.

काळोख संस्करणात, म्हणजे नंतर संगणकावर, आणायचा. १९४० च्या सुमारास अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी झोन पद्धत बांधली; तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे, म्हणजे झोन, पाडलेले असतात. तिच्यातला तिसरा झोन, म्हणजे मधल्या करड्यापेक्षा दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), पण पोत शाबूत. माती तिथं बसवा. १६ बिटमध्ये काम करा. ८ बिटमध्ये संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात. एकूण प्रकाश दीड-दोन स्टॉप उतरवा, पण काळा बिंदू, म्हणजे जिथून सगळं निव्वळ काळं होतं ती पातळी, ओढू नका. हिरव्या रंगाचा भडकपणा थोडा कमी करा, नाहीतर कोवळे धुमारे दिव्यासारखे चमकतात. मग मऊ कडेच्या मास्कने, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून, दोन-तीन खुंटांचे कापच पाव-अर्धा स्टॉप उजळा. आभाळ वेगळं गडद केलंत तर डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. १०० टक्के मोठं करून तपासा. चारी कोपरे काळे करण्याची सवय मात्र सोडाच. त्यानं उतार एखाद्या बोगद्यातून पाहिल्यासारखा वाटतो.

पडद्याची उजळी दर चौरस मीटरला १०० कँडेलांच्या (उजेडाचं एकक) आसपास ठेवा. लखलखीत पडद्यावर ठीक वाटलेला फोटो कागदावर काळाठिक्कर निघतो. मॅट कागदाचा काळा रंग फिका असतो आणि सावल्यांतले बारीक फरक त्यात मिसळून जातात. म्हणून आधी हातभर पट्टी छापा, पूर्ण वाळू द्या आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. ऐनाच्या सालीतल्या, मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसत नसतील, तर सावल्या किंचित उचला आणि पट्टी पुन्हा छापा.